डाव्या ताटलीतला खडा

माझं माहेर मेढ्याकडचं, डोंगरातलं, आन पडले कुठं तर आटपाडीकडं, मेंढरंवाल्यांच्या घरात. शिक्षण चवथी, आन तीबी कशी सुटली ते देवाला ठावं. आता गावच्या शाळंत खिचडी शिजवते, म्हंजी रोज शाळंत जाते खरी, पण चुलीपातूर.

काय सांगू तुमास्नी, आमच्या दिराची पारू दुसरीत व्हती. आमचं मामंजी मेंढरं विसानं मोजणार, तीन विसा चार, म्हंजी चौसष्ट. पोर तेच शिकली. बाई म्हणल्या, तुमची मेंढरं किती ते फळ्यावर लिही, तर हिनं लिवलं तीन आन त्येच्या म्होरं चार. चौतीस! पोरं हसली, पारे, बाकीची लांडग्यानं न्हेली का गं? तवा जी रडत घरी आली ती दप्तर खुटीला टांगून बसली. मामंजी म्हणालं, ऱ्हाऊ दे शाळा, उद्यापासनं चल माझ्यासंगं मेंढरामागं. मीबी अशीच सुटले व्हते की शाळंतनं.

बाई वर्गात एक खेळ घ्यायच्या, खिडकीतनं बघितलेला. त्या दिवशी खिचडी खाली लागली, ते सोडा. तोच खेळ मी घरी पारूम्होरं मांडला, दोन ताटल्या आन लुडोचा फासा. डावीतला एक खडा धाचा, उजवीतला एकाचा. दोनदा फासा टाकायचा, पडंल तेवढं खडं कुठल्याबी एका ताटलीत, दुसरं दान दुसरीत, ठेवलं की उचलायचं न्हाई. ज्याचा आकडा मोठा तो जिंकला. मला पडलं दोन, मी घाईनं डावीत टाकलं, मग पडलं सहा. सव्वीस! पारूला पडलं दोन, तिनं उजवीत ठेवून वाट बघितली, मग पाच. बावन्न. आवं काकी, मोठ्याची वाट बघायची असती, म्हणून मलाच शिकवाय लागली.

आठ दिवस मी हारत व्हते, पोर हासत व्हती. मग एक दिवस तिनं आज्ज्याम्होरं डावीत सहा खडं मांडलं, उजवीत चार. आज्जा, ही आपली मेंढरं. मामंजी म्हणालं, आन माझं तीन ईस कुठं गेलं गं? पोरीनं सहा खड्यांच्या दोन-दोनच्या जोड्या लावल्या. तीन जोड्या. हे बघ, हितंच हायती. मामंजींनी एकेका जोडीवर बोट ठेवलं, एक ईस, दोन ईस, तीन ईस, मग उठलं आन सोताच खुटीचं दप्तर काढून तिच्या हातात दिलं.

पारू आता चवथीत हाय, माझ्याएवढी शिकली म्हणा की, आन देव करो, हितनं म्होरं लय लांब जावो. सांजच्याला आज्जा-नात खेळत्यात, मामंजी फासा फुकून टाकत्यात. मी अजून हारते. घाई सुटत न्हाई माझी.