आवाजाची तक्रार

(दादरमधलं टीव्हीचं दुकान. अनुजा, तिचे वडील अप्पा आणि दुकानातला विक्रेता अजित.)

अप्पा : चित्र सगळ्यांचंच चांगलं असतं हो. मला आवाज ऐकवा.

अजित : काका, फोर के आहे. रंग बघा ना, आंबा एकदम हातात घ्यावासा वाटतो की नाही?

अनुजा : आवाजाचं विचारतायत ते. घरच्या टीव्हीचा आवाज गेलाय.

अजित : एकदम बंद?

अप्पा : काय म्हणतोय?

अनुजा : अगदीच बंद झालाय का, विचारतायत.

अप्पा : पुटपुटतो. माणसं तोंडं हलवतात आणि आत कुठेतरी नुसती गुणगुण. तुझी आई होती तोवर खणखणीत होता. तिचं तेरावं झालं, पाहुणे गेले, संध्याकाळी लावून बघतो, तर हे असं.

अजित : मेकॅनिकला दाखवला?

अनुजा : दाखवला. सेट चांगला आहे म्हणाला, तर अप्पांनी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

अजित : काका, मेकॅनिकने आवाज वाढवून बघितला का?

अनुजा : अप्पा, त्याने आवाज वाढवून बघितला होता का?

अप्पा : बघितला की! तसाच ठेवून गेला. तर खालचे प्रधान वर आले भांडायला. आवाज कमी करा म्हणे. अहो, आधी येऊ तर द्या!

अनुजा : हे मला नाही बोललात.

अप्पा : त्यात काय बोलायचं? प्रधानांना भांडायला काहीही पुरतं.

अजित : मॅडम, साउंडबार जोडून देतो. भिंती हलतील.

अनुजा : अप्पा, वेगळा स्पीकर मिळेल म्हणतायत.

अप्पा : नको. साधा हवा, आहे तसा. बातम्या आणि रात्री तिची ती मालिका. ती गेल्यापासून त्यात काय चाललंय तेच कळत नाही मला.

अजित : हा ऐका काका.

अप्पा : लावा की.

अजित : लावलाय. फुल केलाय.

अप्पा : अनू, कधी लावणार हा?

अजित : मॅडम, शेठ काउंटरवरून ओरडतायत.

अनुजा : अप्पा, लावलाय त्यांनी. पूर्ण मोठा केलाय.

अप्पा : हा? हाही तसलाच. गुणगुण नुसती.

अनुजा : बारीक करा हो. बंदच करा.

अजित : मॅडम, राग नका मानू. मी पण मराठीच बोलतोय ना? मी बोललेलं सगळं तुम्ही काकांना परत का सांगताय?

अनुजा : मी?

अजित : मघापासून.

अनुजा : आई करायची असं.

अप्पा : आता काय म्हणाला?

अनुजा : अप्पा, टीव्ही बघताना आई काय करायची?

अप्पा : बोलायची, दुसरं काय! 'बघा, सून घर सोडून निघाली. बघा, सासरा नको म्हणतोय.' सारखं आपलं कानाशी. कधी धड टीव्ही ऐकू दिला नाही तिने.

अनुजा : आणि फोन आला की?

अप्पा : तीच घ्यायची. मग मला सांगायची कोण होतं ते. उलटतपासणी कसली चालवलीयस?

अनुजा : अप्पा, आत्ताचा आवाज खूप मोठा होता. फ्रिजपाशी उभी असलेली माणसंसुद्धा वळून बघत होती.

अप्पा : पुन्हा सांग.

अनुजा : आपला टीव्ही चांगला आहे, अप्पा.

अजित : काका, बसता का जरा?

अनुजा : बसा म्हणतायत.

अप्पा : तिला माहीत होतं?

अनुजा : असणार.

अप्पा : आणि तुला?

अनुजा : मला वाटायचं, आईला बडबडायची सवयच आहे.

अप्पा : एकदा चिडलो होतो मी. म्हटलं, गप्प बस की जरा.

अनुजा : मग?

अप्पा : बसली. थोड्या वेळाने मीच विचारलं, काय म्हणाला गं तो? तर हसली. आणि सांगितलं.

अजित : मॅडम, मग कुठला काढू? एक्सचेंजची ऑफर रविवारपर्यंतच आहे. जुना आमची माणसं घेऊन जातील.

अनुजा : नको. जुना द्यायचा नाहीये आम्हाला.

अप्पा : काय म्हणतो?

अनुजा : पुन्हा या म्हणतोय.

अप्पा : बरा आहे मुलगा. कानाचा डॉक्टर कोण आहे आपल्याकडे?

अनुजा : विचारते. हल्ली मशीन चांगलं मिळतं म्हणे. मालिका नीट ऐकू येईल तुम्हाला.

अप्पा : येईल की. आता कोण कशाला सांगतंय.

अनुजा : उठा. पायऱ्या आहेत, हात द्या.

अप्पा : हा नको. डावीकडे ये. ती नेहमी डावीकडून चालायची.