नॉर्वेच्या बर्फात ‘नको नको’

...आणि बर्फ सुंदर असतो असं ज्यांनी कुणी पहिल्यांदा म्हटलं ना, ते नक्की खिडकीच्या आतून बघत असणार! हातात चहा, पायांत लोकरीचे मोजे, गाडी गॅरेजमध्ये. तुम्हाला सांगते, मीही बर्फ खिडकीच्या आतूनच पाहिला. पण ती खिडकी गाडीची होती, गाडी चरात होती, आणि पुढच्या सीटवर बसून माझे बाबा एका भल्या माणसाला हसत हसत सांगत होते, "नको नको, कशाला उगीच तुम्हाला त्रास!"

हसू नका ना. अजून मी सुरुवातही केलेली नाही.

म्हणजे बघा, आम्ही भर वाळवंटातल्या चँडलरचे. तुम्हीही चँडलरचे, नाहीतर टेंपीचे, मेसाचे; तुम्हाला काय सांगायचं! आपल्याकडे डिसेंबरात थंडी पडते म्हणजे काय, तर आई मागच्या अंगणात पापड वाळत घालताना खांद्यावर शाल घेते. आमच्या गाडीच्या ट्रंकमध्ये बारा महिने पाण्याचे कॅन असतात, वाळवंटात अडकलो तर म्हणून. वाळवंटात अडकायची आमची अगदी जय्यत तयारी आहे! आणि अशा माणसांना बाबांच्या कंपनीनं गेल्या नाताळच्या सुट्टीत कुठे पाठवावं? तर नॉर्वेला. म्हणजे पाठवलं एकट्या बाबांना, ऑस्लोला, मीटिंगसाठी. पण बाबा म्हणाले, "आता जातोच आहोत तर..."

आमच्या घरातल्या सगळ्या आपत्ती "आता जातोच आहोत तर" पासून सुरू होतात.

तर जातोच आहोत तर सगळेच जाऊ, आणि सगळे जातोच आहोत तर ट्राँडहाइमला कुमारकाकांना भेटू. कुमारकाका म्हणजे बाबांचे कॉलेजचे मित्र, तिथल्या युनिव्हर्सिटीत शिकवतात. त्यांनी बिचाऱ्यांनी फोनवर सांगितलं होतं, "श्रीरंग, ट्रेननं ये रे बाबा. मध्ये डोंगर आहे, बर्फ आहे." तर बाबा म्हणाले, "कुमार, मी खंडाळ्याच्या घाटात अँबॅसिडर उतरवलीय. भर पावसात. वायपर बंद!" तेव्हा आई स्वयंपाकघरातून हळूच म्हणाली, "गाडी यांचे मामा चालवत होते. हे मागे बसून उलट्या करत होते."

पण ऐकतंय कोण!

आता भाड्याच्या गाडीच्या ऑफिसातला तो माणूस. उंच, सोनेरी मिशा, अगदी सभ्य. किल्ली देताना त्यानं विचारलं, "फावडं हवंय का? दोर? घोंगड्या? आमच्याकडे आहेत." बाबा लगेच हात जोडल्यासारखे करून, "नो नो! व्हाय ट्रबल!" तो म्हणाला, "ओके," आणि फावडं आत ठेवून आला. आणि बाबा? बाबा तिथंच उभे! मी बघत होते ना. ते त्या दाराकडे बघत होते, तो माणूस आता पुन्हा विचारेल म्हणून. कारण त्यांना फावडं हवं होतं हो! पण पहिल्यांदा विचारल्यावर "हो, द्या" कसं म्हणायचं? हावरटासारखं दिसत नाही का?

सुमित्राकाकू, तुम्ही पुढेच बसलाय म्हणून तुमचंच उदाहरण देते, रागावू नका. तुम्ही वाटीत बासुंदी घ्यायला सांगता, आई म्हणते, "नको नको." तुम्ही म्हणता, "अगं घे गं, एवढीशी." आई वाटीवर हात धरते. तुम्ही तो हात बाजूला करता. आई म्हणते, "बाई गं, पुरे पुरे!" आणि मग घरी येताना गाडीत म्हणते, "बासुंदी छान होती, अजून एकदा म्हणाल्या असत्या तर घेतली असती." आता यात कुणी खोटं बोललं का? नाही! सगळ्यांना सगळं कळतं. पण हे नॉर्वेत कुणाला माहीत असणार?

तर निघालो. काय रस्ता, काय झाडं, सगळं पांढरं! वरून आभाळ पांढरं, खालून जमीन पांढरी, मध्ये आमची लाल गाडी, गाडीत नाट्यसंगीताची कॅसेट आणि दशम्यांचा वास. माझा भाऊ नंदू, दहा वर्षांचा, तो सारखं विचारतोय, "डॅड, आर वी देअर येट?" आई डोळे मिटून रामरक्षा म्हणतेय. आणि तिथं हिवाळ्यात जेवण उरकेपर्यंत सूर्य मावळायला लागतो हो! दुपारी! आपण दशमी खातोय आणि बाहेर दिवेलागण!

आणि मग गाडी घसरली. घसरली म्हणजे धडाम वगैरे काही नाही. अगदी सावकाश, म्हैस पाण्यात बसते ना, तशी गाडी रस्ता सोडून कडेच्या बर्फात जाऊन बसली. बाबांनी स्टिअरिंग फिरवलं, चाकं गरगरली, गाडी आणखी ऐसपैस बसली. कॅसेट चालूच होती.

आणि पेट्रोलचा काटा कुठं, तर खाली. हीटर चालू ठेवला तर पेट्रोल संपणार, बंद ठेवला तर आम्ही!

तेवढ्यात एक गाडी थांबली. तुम्हाला सांगते, देव पावला असं वाटलं! तांबडी टोपी घातलेला माणूस उतरला, काचेशी वाकला, इंग्रजीत म्हणाला, "मदत हवीय का?"

आणि बाबा, माझे सख्खे बाबा, काच खाली करून, दात वाजताहेत, तरी हसून काय म्हणतात? "नो नो, प्लीज! डोंट ट्रबल युअरसेल्फ! वी विल मॅनेज!"

तो म्हणाला, "ओके." आणि गेला.

गेला हो! बाबा म्हणाले, "येईल बघ. पुढे जाऊन वळवेल." आम्ही चौघं त्याच्या गाडीचे मागचे दिवे बघत राहिलो. लहान झाले, आणखी लहान झाले, वळणावर विझले.

मग आईच्या तोंडाचा पट्टा सुटला. "अहो, तुम्हाला एवढं साधं बोलता येत नाही? पोरं गारठलीत आणि तुमचं नको नको! आता कुणी आलं की मी बोलते." म्हटलं, चला, बरं झालं. आणि खरंच एक आजीबाई आल्या, खुर्चीला खाली लांब पट्ट्या लावलेल्या असतात ना, ती बर्फावरची ढकलगाडी ढकलत. पलीकडच्या घराकडे बोट दाखवून म्हणाल्या, "कमिंग? वॉर्म. कॉफी."

आई काय म्हणाली असेल? सांगा ना, काय म्हणाली असेल?

"नो नो, व्हाय व्हाय! वी हॅव थर्मास!"

आजीबाईंनी मान हलवली आणि निघाल्या. आई त्यांच्याकडे बघत राहिली, बाबा आईकडे बघत राहिले. बोलायला तोंड कुठं होतं! आई पुटपुटली, "मला वाटलं, हात धरून नेतील." नंदू म्हणाला, "मॉम! शी सेड कॉफी!" थर्मासमधला चहा केव्हाच संपलेला होता.

मग बाबांनी ठरवलं. "आता जो येईल त्याला सरळ येस प्लीज म्हणायचं." आणि पाठ करायला लागले. येस प्लीज, येस प्लीज. तोंडी परीक्षेला बसल्यासारखे. काचा आतून धुरकटल्या, काटा आणखी खाली, नंदूचं नाक लाल, आणि मी... मी काय करत होते? मी काहीच नाही. मला तुम्ही ओळखताच. मी वर्गात हात वर करत नाही. दर वर्षी टीचर आईला सांगतात, "दीपा इज व्हेरी क्वाएट," आणि आईला वाटतं ते कौतुक आहे.

आणि आला! ट्रॅक्टर! हा एवढा, पुढे बर्फ ढकलायचं पातं, मागे साखळी, वर दाढीवाला माणूस, दाढीत बर्फ. थांबला. बाबांनी काच खाली केली, दीर्घ श्वास घेतला. आणि त्यानं प्रश्नच बदलला! तो म्हणाला, "एव्हरीथिंग ऑल राइट?"

आणि बाबांच्या तोंडून आपोआप, "ऑल राइट, ऑल राइट, थँक यू! अँड यू?"

"ऑल राइट," तो म्हणाला. आणि वळला!

अहो, बाबांचा चेहरा! तोंड उघडं, येस प्लीज तोंडातच. आईनं कपाळावर हात मारला. नंदू रडायला लागला, खरंच रडायला लागला, आणि त्या ट्रॅक्टरचं मागचं चाक फिरायला लागलं. मला काय झालं कुणास ठाऊक. मी दार ढकललं, पाय टाकला तो गुडघ्यापर्यंत आत, बुटात बर्फ, मोज्यात बर्फ, आणि मी ओरडले. जन्मात पहिल्यांदा ओरडले! आणि नॉर्वेच्या त्या डोंगरात तोंडातून काय निघावं? "अहो काका! थांबा ना!"

तो थांबला. मी म्हटलं, "येस!"

तो म्हणाला, "येस व्हॉट?"

मी म्हटलं, "येस एव्हरीथिंग!"

त्यानं साखळी लावली, एक हिसका दिला, की गाडी रस्त्यावर! इतकं सोपं! मग त्यानं विचारलं, घरी येता का, गरम काहीतरी घ्यायला. बाबांनी "नो" चा न उच्चारला मात्र, आणि मागून आम्ही तिघं एका सुरात, "येस!" त्याच्या घरात चुलीजवळ कोण बसलेलं? त्याच ढकलगाडीवाल्या आजीबाई! त्याची आई. आम्हाला बघून जराही नवल नाही. गरम वॉफल दिलं, वर तपकिरी चीज, खवा जरा जास्त भाजला गेला तर लागेल ना, तसं. आईनं सगळं पहिल्या विचारण्यात घेतलं. मान खाली घालून, पण घेतलं.

ट्राँडहाइमला पोचल्यावर कुमारकाका पोट धरधरून हसले. म्हणाले, "अरे, इथे माणूस नको म्हणाला की त्याला नकोच असतं. पुन्हा विचारलं तर त्याच्या शब्दावर विश्वास नाही असं होतं." आणि मग म्हणाले, "वहिनी, पिठलं वाढू अजून?" मराठी घर, मराठी बोलणं, आई सैलावली बिचारी, म्हणाली, "नको नको."

काकांनी पातेल्यावर झाकण ठेवलं.

तर अशी गंमत. घरी आल्यावर मी ठरवलं, आपणही असंच साधं, सरळ बोलायचं. आणि दुसऱ्याच दिवशी आपल्या मंडळाच्या कांचनमावशींचा फोन. "दीपा, संक्रांतीच्या कार्यक्रमात ही नॉर्वेची गोष्ट तू सांगायची हं." मी म्हटलं, "नको मावशी." अगदी साधं, सरळ, नॉर्वेसारखं. मनापासून! मावशी म्हणाल्या, "अगं लाजतेस काय!" मी म्हटलं, "लाजत नाही, खरंच नको." मावशी आईला म्हणाल्या, "तयार आहे गं ती, जरा आग्रह करायला हवा, एवढंच." मग बाबा. मग सुमित्राकाकू, तुम्ही. आमच्या घरी येऊन, बासुंदी घेऊन!

म्हणून मी इथं उभी आहे. आता मी खाली उतरेन, मावशी विचारतील, "पुढच्या वर्षीही बोलशील ना?" मी "नको" म्हणणार आहे. अगदी स्पष्ट. मनापासून.

...तुम्ही माझं नाव आत्ताच यादीत घालून टाका.