दोन कॅटांचा डाव

(मेहरूणचं घर, जळगाव. १९९३. दुपार. सतरंजीवर पत्ते.)

कुंदाबाई : दहा, अहो, दहा! तुम्ही आठच रांगा मांडू राहिले.

लीलाधर : आठ एक्के म्हणालीस ना?

कुंदाबाई : एक्के आठ. दोन कॅट म्हटल्यावर आठच असणार. रांगा दहा. एकेका रांगेत चार पत्ते, बठ्ठे उताणे. किती झाले?

लीलाधर : चाळीस. थांब, लिहून घेतो.

कुंदाबाई : ते कॅलेंडरचं पान ठेवा बाजूला. कागदावर लिहून पिठलं शिकलात, ते खाल्लं मी काल.

लीलाधर : गुठळ्या झाल्या, कबूल. पण लिहिल्याशिवाय माझ्या डोक्यात राहत नाही. ‘नियम पहिला…’

कुंदाबाई : अडीचला नथ्थूभाऊची रिक्षा येईल, तीनला धुळ्याची गाडी. तुमचा पहिलाच नियम चालायचा तोवर. उरलेले चौसष्ट हातात धरा. एकेक उलटायचा. लागला तर लावायचा, नाही तर इथे टाकायचा. वरचा पत्ता पुढे कधीही उचलता येतो. पण गड्डी एकदाच. संपली की संपली.

लीलाधर : पुन्हा उलटायची नाही? फार निष्ठुर खेळ आहे.

कुंदाबाई : एक्का मोकळा झाला की वर काढायचा. त्यावर दुर्री, तिर्री, असं राजापर्यंत चढत जायचं. खाली रांगांमध्ये मात्र उतरत यायचं.

लीलाधर : म्हणजे ही बदामची अठ्ठी, तिच्यावर ही चौकटची सत्ती.

कुंदाबाई : दोन्ही लाल म्हणून काय झालं? बदामावर बदामच लागतो. आणि एका वेळी एकच पत्ता, रांगेतला शेवटचा. एखादी रांग रिकामी झाली तर तिथे कोणताही ठेवा.

लीलाधर : मला जमायचं नाही गं. मी वाचत बसेन. वाचनालयातून तीन जाडी पुस्तकं आणलीत.

कुंदाबाई : मागे मी सावद्याला भावाकडे आठ दिवस राहिले, तेव्हाही आणली होती. परत आले तर खुणेचा कागद जिथल्या तिथे.

लीलाधर : तू ते बघितलंस?

कुंदाबाई : समोरची भागाबाई सांगत होती, तुम्ही दिवा न लावता ओट्यावर बसायचे म्हणे.

लीलाधर : दिव्याला डास येतात.

कुंदाबाई : हो, डास. आणि हे तर दोन महिने आहेत. अजूनही म्हणते, चला सोबत.

लीलाधर : लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं अन्न घ्यायचं नाही. आईनं तेवढं एकच वचन घेतलं होतं माझ्याकडून.

कुंदाबाई : मला नाही का तो नियम? म्हणून तर दादर ज्वारीचं पीठ बांधलंय, तांदूळ बांधलेत. माझं मी शिजवीन. डॉक्टरीणबाईंनी एसटीचे धक्के नको सांगितले, नाहीतर शैलाच इथे आली असती.

लीलाधर : तुला जमेल ते. मी व्याह्यांच्या घरात माझी वेगळी भाकर मांडून बसू? मला लोकांकडे पाणी मागतानासुद्धा दोनदा घसा खाकरावा लागतो.

कुंदाबाई : ते खरं. बरं, ती किलवरची चौकी बघा. पंजीवर जाते.

लीलाधर : ही? गेली! …कुंदा, हे तू शिकलीस कुठे? आपल्या घरात दोन कॅट आहेत, हेच मला ठाऊक नव्हतं.

कुंदाबाई : आणले कोणी? दीपनगरला वीजकेंद्राच्या क्लबात जुने झाले की तुम्हीच आणायचे, शैलाला बंगला बांधायला. डाव शिकवला शेजारच्या सेनबाईंनी. त्यांचेही साहेब शिफ्टलाच.

लीलाधर : मला वाटायचं, मी रात्रपाळीला गेलो की तू झोपतेस.

कुंदाबाई : भोंगा होईपर्यंत कुठली झोप? तुमची सायकल वाजली की पत्ते गादीखाली, आणि मी डोळे मिटून पडायची.

लीलाधर : का पण?

कुंदाबाई : तुम्ही चपला दाराबाहेर काढून, चोरासारखे यायचे. माझी झोप मोडू नये म्हणून. मी जागीच आहे हे कळलं असतं, तर ते तरी कशाला राहिलं असतं?

लीलाधर : बावीस वर्षं… आणि मी दोन महिन्यांसाठी तोंड पाडून बसलोय.

कुंदाबाई : तुमच्या हातात काय आलं ते बघा.

लीलाधर : जोकर. याच्यावर काय लिहिलंय? ‘अकरा नोव्हेंबर चौऱ्याहत्तर…’

कुंदाबाई : द्या तो इकडे. जोकरचं काम नाही डावात.

लीलाधर : नऊ तारखा आहेत.

कुंदाबाई : सुटलेले डाव. एवढ्या वर्षांत तेवढेच सुटले.

लीलाधर : मला कधी बोलली नाहीस.

कुंदाबाई : पहिल्यांदा सुटला तेव्हा सांगणार होते. तुमचा बदली माणूस आला नाही, डबल ड्यूटी लागली. दुपारी आलात आणि पेपर तोंडावर घेऊन झोपलात. उठवून काय सांगायचं, पत्ते लागले म्हणून? राहून गेलं.

लीलाधर : आता सांग.

कुंदाबाई : काहीतरीच तुमचं.

लीलाधर : सांग ना. जागा आहे मी.

कुंदाबाई : …अहो, डाव सुटला.

लीलाधर : काय सांगतेस! आठही राजे बसले?

कुंदाबाई : आठही. किलवरचा एक शेवटपर्यंत अडून होता.

लीलाधर : शाब्बास गं. …अजून आठ तारखा राहिल्या.

कुंदाबाई : बाळ झालं की तुम्ही याल ना धुळ्याला, तेव्हा एकेक सांगेन. तेव्हा तर जेवालही आमच्या पंगतीत. हा हॉर्न नथ्थूभाऊचाच. उठते मी. हा मांडलेला मोडू नका. ती इस्पिकची दश्शी आधी हलवा, एक्का अडकलाय तिच्याखाली.

लीलाधर : पिठाची पिशवी राहू दे, मी घेतो. कुंदा…

कुंदाबाई : काय?

लीलाधर : माझा सुटला, तर मी कुणाला सांगू?

कुंदाबाई : पोस्टकार्डं ठेवलीत, शैलाचा पत्ता घालून. तुमच्या वरच्या पुस्तकात, खुणेच्या पानावर. बारा आहेत.

लीलाधर : बारा कशाला? बावीस वर्षांत तुझे नऊ सुटले. माझा एक तरी सुटेल का?

कुंदाबाई : नाही सुटला, तरी लिहा.