टाकीचा पंप आपोआप चालतो

पंपवाल्याच्या दुकानात माझ्यापुढे कुणाचीशी सून उभी होती. आवाज असा, की कान झाकले तरी ऐकू यावा.

“दादा, संडास-न्हाणीचं घाण पाणी जमतं त्या टाकीचा पंप आपोआप चालू होतो. बिघडलाय. मी रोज बंद करते.”

“अहो ताई, टाकीत पाणी चढलं की ते उपसायला तो चालू होणारच! टाकी भरल्याची घंटा नाही वाजली?”

“वाजली. सासऱ्यांची झोपमोड होते म्हणून त्यांनी वायर उपटली.”

“आणि लाल दिवा?”

“त्यावर मी फडकं टाकलं. आता न्हाणीत घाण वर आलीय, अन् नणंद संध्याकाळी तान्ह्या बाळाला घेऊन येतेय!”

“पंप ठणठणीत आहे. घरी फोन करा. पंप चालू, नळ बंद.”

“मामंजी, पाणी वापरू नका... काय? लेक येणार म्हणून बादल्यांवर बादल्या ओतून न्हाणी धुताय?”