पाठीचा पुरावा

...आणि वर मलाच विचारतात, फॉर्म कोरा का? अहो, कोरा का म्हणजे? झोपलो होतो मी! तुम्हाला सांगतो, पर्यायी उपचारांना परवाना द्यायचा की नाही हे तपासणाऱ्या खात्यात मी निरीक्षक, आणि बारा वर्षं माझी स्वतःची पाठ धरलेली. मोजेसुद्धा बायको घालून देते, बोला! पण परवान्याचं ठरवते खात्याची समिती; पाठ माझी असली तरी मत समितीचं.

तर एक बाई संमोहनानं जुनी दुखणी कमी करतात, त्यांची तपासणी माझ्याकडे आली. शटरचा गाळा, दोन खुर्च्या, एकीवर गुडघेदुखीचे आजोबा, दुसरीवर मी, मांडीवर बावीस रकान्यांचा फॉर्म. बाई हळू आवाजात, 'खांदे सैल सोडा... दुखणं जरा लांब ठेवा...' आजोबा टक्क जागे, आणि मी गार! जाग आली तेव्हा पेन खाली पडलेलं, ते वाकून उचललं... आणि तसाच राहिलो. दुखलंच नाही हो! घरी जाऊन मोजे काढले, घातले, परत काढले. बायको बघत होती, डोळे पुसत होती.

साहेबांना सगळं खरं सांगितलं. हात दाखवून अवलक्षण! साहेब म्हणाले, 'म्हणजे तुम्ही लाभार्थी. लाभार्थ्याचं मत धरता येत नाही.' आजोबांचं धरा म्हटलं, तर त्यांना गुणच नाही. राहिला फॉर्म. रकाने रिकामे तर परवाना नाही, गाळ्याला सील! हा नियम कोणाचा? माझाच! भोंदूंना चाप बसावा म्हणून मीच लिहिलेला, आणि त्यात काय चुकलं सांगा! पाठ माझी, मत समितीचं.

बाईंनी शटर ओढलं. म्हणाल्या, 'एका बैठकीनं टिकत नाही, अजून चारपाच हव्या होत्या.' नाहीच टिकलं. पंधराव्या दिवशी मोजे पुन्हा बायकोच्या हातात. या वेळी मलाच रडू आलं, खोटं कशाला बोलू?

फेरतपासणीचा अर्ज केला. समिती म्हणते, गुण आलेले पेशंट दाखवा. गाळा बंद, पेशंट आणू कुठून? पाठ माझी, मत... जाऊ दे! शेवटी परवा साहेबांनी बोलावलं, म्हणाले, पाठ पुन्हा दुखते ना, मग तुम्ही आता लाभार्थी नाही, निःपक्षपाती झालात, प्रकरण पुन्हा तुमच्याकडे. मी खूश! विचारलं, मग उघडू गाळा?

'छे छे. निकाल लागेपर्यंत दर सोमवारी जाऊन सील शाबूत आहे का, तेवढं बघायचं.'

आता शटरचं सील असतं कुठं? तळाशी, जमिनीला टेकून! जातो... वाकतो... करतो काय!