टाळूवरचं वेखंड

भालकीच्या बसथांब्यावर माझ्या मागं नवराबायको उभे होते. बाईच्या कडेवर शेंबडी पोरगी.

"हिच्या टाळूवरचं वेखंड कुणी पुसलं?"

"मी पुसलो."

"कामून?"

"वास आला की बालवाडीतली अक्का पोरीला माघारी धाडतीय."

"धाडू द्या की. अंग तापलंय तिचं."

"कोमट हाय. घरी कोण बसणार?"

"काल मी बसले. आज तुम्ही बसा."

"सर्दीपायी बाप्या माणसानं रजा काढायची? हेडमास्तर हसतील."

"म्हशीला हगवण लागली तवा काढलाव की. तवा कुणी हसलं न्हाई?"

"म्हशीची गोष्ट येगळी हाय."

बस आली. बाईनं पोरगी त्याच्या अंगावर दिली.

"धरा. हेडमास्तरला सांगा, म्हैस आजारी हाय."