कोणी उरलं नाही म्हणे

—नाही हो, तुमची ही भरती सांगणारी पेटी बिघडलेली नाही. वायर शाबूत, पडद्यावर उजेड आहे, बटण दाबलं की आवाज देते. जागी आहे बिचारी, फक्त तिला आकडेमोड येईनाशी झालीय. नवं अपडेट घातलंत ना? घातलंच असणार, समोर आलं की माणूस घालतोच, तुमचा काय दोष त्यात. बसा. ती खुर्ची नको, पाय हलतो तिचा — इकडे बसा. आणि होडी वाळूत रुतली म्हणालात, तिच्यात बाळंतपणाला निघालेली बाई होती — ती सुखरूप आहे ना? बरं. बरं झालं.

काय झालंय सांगते. भरती कधी, पाणी किती चढणार, हे ही पेटी तुम्हाला सांगते — ते सगळं दशांश चिन्हाचं गणित. आणि हिच्यातला प्रोसेसर साधा, त्याला नुसते पूर्ण आकडे कळतात. दशांशासाठी चिपमध्ये वेगळा भाग लागतो, नव्यांत असतो, हिच्यात नाही. मग इतकी वर्षं कसं चाललं? तर पेटी जिच्यावर चालते त्या खालच्या सिस्टीममध्ये एक कोपरा होता — दशांश आला की आकडा फोडायचा, पूर्ण आकड्यांत बसवायचा, गणित करायचं, परत जोडून द्यायचा. हळू चालायचं, पण चोख. तो कोपरा मी सांभाळायचे. नाही, नोकरी नाही — ती सिस्टीम कोणा एकाच्या मालकीची नाही, ठिकठिकाणची माणसं घरी बसून ती चालवतात, त्यातली मी एक. तर तो कोपराच काढून टाकला. कोणी? माझ्या धाकट्या भावाने. सख्ख्या.

आता तुम्ही म्हणाल, काही कारण असेल. आहे ना, आणि खोटंही नाही. असले प्रोसेसर आता कोणी बनवत नाही, नवं काही करायला गेलं की हे जुनं पायात येतं, तपासून बघायला यंत्रंसुद्धा मिळत नाहीत. हे त्याने माझ्यासमोर म्हटलं असतं तर मी भांडले असते — की बाबा, बनवत नसतील, पण जी यंत्रं आधीच भिंतींवर, धक्क्यांवर बसलीत ती काय उपटून आणणार? भांडले असते, हरलेही असते कदाचित. हरण्याचं काही नाही हो. पण त्याने काय केलं — सिस्टीम चालवणाऱ्या सगळ्यांच्या पडद्यावरच्या बैठकीत सांगितलं, हा भाग सांभाळायला आता कोणी उरलेलं नाही. कोणी नाही. आणि मी कुठे होते? पलीकडच्या खोलीत. त्याच्याच घरी. त्याच्यासाठी भाजी चिरत होते. दार उघडंच होतं, ऐकू येत होतं मला. बैठक संपवून आला, जेवायला बसला, म्हणाला, ताई, मीठ कमी आहे. एवढंच बोलला.

आई गेली तेव्हा तो एवढासा होता. बोट धरून शिकवलं मी त्याला — अक्षरं, मग गणित, मग हे कामही. पहिला प्रोग्राम त्याने माझ्या मांडीवर बसून लिहिला. आणि केसाने गळा कापला माझा. परका असता तर वाईट वाटलं नसतं — नाही, वाटलं असतं, पण असं नाही.

का केलं असेल? मला काय ठाऊक. माझ्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं त्यानंतरच हे सुरू झालं. ताई, आराम कर. ताई, पडदा बघू नकोस. आता डावा डोळा गेला तो गेला, उजव्याने दिसतं की मला — अक्षरं मोठी करून घ्यावी लागतात, चालतं तेवढं. मध्यंतरी माझ्या कामातल्या चुका कोणीतरी गुपचूप दुरुस्त करायचं. तोच असणार. बोलला नाही कधी. अरे, बोलायचं ना मग — ताई, तुला जमत नाहीये, म्हणायचं तोंडावर. मी रडले असते, दोन दिवस जेवले नसते, आणि मग मीच सोडलं असतं. माझं मी सोडणं वेगळं, आणि जिवंतपणी मला वजा करणं वेगळं. दया आली म्हणून केलं असेल तर जास्तच वाईट —

हे मी तुम्हाला का सांगतेय, तुमची ओळख नाही पाळख नाही. राहू दे. जुनी सिस्टीम आहे माझ्याकडे, ती परत घालून देते, मग अपडेट विचारलं तरी घालू नका. पण माझं घर सापडलं कसं तुम्हाला? दारावर तर पाटीही नाही.

त्याने?

तुमची तक्रार वाचून स्वतः फोन केला तुम्हाला? आणि काय म्हणाला? — नाही, शब्दच सांगा. "ताईकडे जा, हे तिच्याशिवाय कोणाला येत नाही."

असं म्हणाला.

पेटी राहू द्या इथेच. परवा या. आणि तुम्हाला विचारलंच त्याने, तर सांगा, मी काही बोलले नाही — नाही, मला त्याचा नंबर नको. दार ओढून घ्या जाताना.